तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजी शब्द कुठून आणले?

‘मराठी माध्यमातले ना तुम्ही? मग एवढे इंग्रजी शब्द कुठून आणलेत?’ भाषांतराची कामं करतो, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी हे कोणी ना कोणी विचारतंच. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा एक यादी असते. तीन हजार शब्द, रोज वीस, पाच महिन्यांत काम फत्ते.

अशी वही मीही केली होती. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पहिली दहा पानं हाताळून मळली, पुढची कोरी राहिली. अ‍ॅबेट, अ‍ॅबडिकेट, अ‍ॅबेयन्स... कित्येक महिने माझं इंग्रजी ‘बी’च्या पलीकडे सरकलं नाही. त्यातला ‘अ‍ॅबेयन्स’ तर कितीही घोकला तरी निसटायचा. मग नोकरीत एक पत्र आलं: माझी बदली ‘केप्ट इन अ‍ॅबेयन्स’. रद्द नाही, नुसती टांगून ठेवलेली. घरात अर्धं सामान बांधलेलं, गॅसची शेगडी तेवढी बाहेर. तो शब्द त्यानंतर विसरलो नाही, आणि त्याच्या आधीचं ‘केप्ट इन’ही नाही.

शब्दाची ऊठबस कोणाशी आहे, ते आधी बघावं. मराठीत ऊन कडक, चहाही कडक. थंडी मात्र कडाक्याची. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, पाऊस ‘हेवी’. चहाला ‘पॉवरफुल’ म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण ऐकणारा गालात हसतो. म्हणून आता वहीत सुटा शब्द लिहीत नाही, तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य उतरवतो. इंग्रजी-मराठी कोशापेक्षा शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश मला यासाठीच बरा वाटतो. त्यात वापराची वाक्यं असतात.

घोकंपट्टी अगदीच वाया जाते असं नाही म्हणा. शाळेत संस्कृतच्या बाईंनी ‘प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्’ पाठ करून घेतलं होतं. धातू एकच, ‘हृ’. उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे. लॅटिनची तऱ्हा तीच. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं. आत पाहिलं की इन्स्पेक्ट, मागे वळून पाहिलं की रेट्रोस्पेक्ट, पुढे पाहिलं की प्रॉस्पेक्ट. चहूकडे बघून पाऊल टाकणारा तो सर्कमस्पेक्ट. हा ‘स्पेक्ट’ आपल्या ‘पश्यति’चा लांबचा भाऊबंद आहे हे कळलं, तेव्हा बाईंना फोन करावासा वाटला होता.

पण ओळखीचा तुकडा दिसला म्हणून अर्थ ठोकून देऊ नये. एका साहेबांच्या निरोप समारंभात मी त्यांना भर भाषणात ‘ऑफिशियस जंटलमन’ म्हणालो. त्यात ऑफिस आहे, म्हणजे कर्तव्यदक्ष वगैरे असणार! घरी येऊन कोश उघडला. नको तिथे नाक खुपसून हुकूम सोडणारा. साहेबांनी मात्र हसून शाल-नारळ घेतला होता. (वर्णन बरोबर होतं, हे वेगळं.)

आणि अवघड शब्द येतो म्हणून तो वापरलाच पाहिजे असंही नाही. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे इंग्रजीच्या घरात भांड्यांचे दोन संच झाले. रोजच्या वापरातलं जुनं ‘बिगिन’, आणि फ्रेंचमधून आलेलं, ठेवणीतलं ‘कमेन्स’. आपणही जेवताना पाणीच मागतो. उदक सोडतो ते पूजेत.

रोज किती शब्द करायचे, हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी आठवड्याला चार-पाच करतो. तेही वाचताना दुसऱ्यांदा अडले तरच वहीत जातात. ‘ऑफिशियस’ला तेवढी रांग लावावी लागली नाही. नव्या वहीच्या पहिल्याच पानावर तो आहे, साहेबांच्या नावासकट.