मातीची घाई करू नका

प्राणी संस्थेच्या निवाऱ्यात उपचाराला ठेवलेलं कुत्रं गेल्याचा फोन आला की घरात पहिलं वाक्य निघतं, ‘आणा, माती देऊन टाकू.’ दोन दिवसांनी डोळे जरा कोरडे झाले की प्रश्न सुरू होतात. काल जेवलं म्हणाले, मग रात्रीतून काय झालं? तोवर याचं उत्तर खड्ड्यात गेलेलं असतं. शंकेला जागा असेल तर आधी शवविच्छेदन, मग माती.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात देह काही तासांतच बिघडू लागतो, दाट केसांच्या कुत्र्याचा तर आणखी लवकर, कारण केस आतली उष्णता धरून ठेवतात. म्हणून हातमोजे घालून अंग गार पाण्याने पुरतं भिजवा, दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधा आणि थर्माकोलच्या डब्यात भोवती बर्फ भरा. लादी फोडून घेतलेला बर्फ चालतो, पण तोही पिशव्यांत बांधून. डीप फ्रीझर मात्र नको. गोठताना पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं फार काही राहत नाही. शक्यतो चोवीस तासांच्या आत पोचवा. कुत्रं कुणाला चावलं असेल किंवा शेवटी लाळ गाळत, विचित्र वागत असेल, तर तोंडाला हात लावू नका आणि डॉक्टरांना ते आधीच सांगा. रेबीजची शंका असली तर सगळी पद्धतच बदलते.

मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी तिथल्या विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागाला फोन करा, शवविच्छेदन तिथे होतं. लांब पडत असेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लेखी अर्ज द्या. विषबाधेचा संशय असेल तर आधी पोलीस ठाणं. पंचनामा होऊन पोलिसांमार्फत गेलेला व्हिसेराच (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) न्यायवैद्यक प्रयोगशाळेत घेतला जातो. बरणी घेऊन आपण दारात उभं राहिलो तर उपयोग नाही.

अहवाल आपल्याच विरुद्ध जाऊ शकतो, तीही तयारी ठेवा. नसबंदीनंतर पोटात रक्तस्राव होऊन मादी गेली, तर बांधलेली रक्तवाहिनी सुटली असू शकते किंवा गोचीडतापाने (गोचीड चावून होणारा आजार) प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, आधीच घसरलेल्या असू शकतात. आपल्या भागात गोचीड काही कमी नाहीत. पहिल्यात बोट शस्त्रक्रियेकडे जातं. दुसऱ्यात विचारायचं ते एवढंच, की आधी रक्त तपासलं होतं का? पार्व्होचंही, म्हणजे कुत्र्यांच्या उलट्या-जुलाबांच्या संसर्गजन्य आजाराचंही, तसंच. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. निवाऱ्यात नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या असतील तर आजार सोबत गेला होता. आठव्या-दहाव्या दिवशी झाल्या, तर तिथल्या स्वच्छतेवर बोलायला आधार आहे, पक्का पुरावा नाही.

कागद त्याच आठवड्यात मागा, तेही लेखी, आणि पोच घ्या. केस पेपर, वजन, भुलीचं औषध, त्याची मात्रा व वेळ, रोजचं तापमान आणि तुमच्या सहीचं संमतीपत्र. ‘दयामरण दिलं’ असं सांगत असतील तर पाळीव जनावराबाबत मालकाची संमती कुठे आहे ते विचारा. कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जात घाला, कारण जुन्यावर नवं चढतं. निवारा महापालिकेच्या कंत्राटावर चालत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज पालिकेकडे करा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस.

आता पावती काढून बघा. तिच्यावर ‘उपचार शुल्क’ आहे की ‘देणगी’? या एका शब्दावर ग्राहक आयोगाचं दार बरंचसं अवलंबून आहे. सरसकट मोफत सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, आणि पैसे देणगी म्हणून घेतले असतील तर संस्था नेमकं तेच पुढे करणार. शुल्काची पावती असेल तर तक्रारीला दोन वर्षं आहेत.

लोक सर्रास चुकतात ते धर्मादाय आयुक्त कार्यालयाबाबत. तिथे विश्वस्तांचा कारभार, हिशेब, लेखापरीक्षण बघतात. सलाईन चुकलं का, हे ते ठरवत नाहीत. डॉक्टरची चूक असेल तर नागपूरची महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद. क्रौर्य असेल तर पोलीस आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी, पण 1960च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो. ‘जरा सावरू, मग बघू’ म्हणेपर्यंत हे तीन महिने संपतात. फेसबुकवर ‘मारेकरी’ लिहायचा मोह आवरा. बदनामीचा दावा उलटा आपल्यावर यायचा. तारखा आणि कागदांत आहे तेवढंच लिहा.

शेजारी ‘कुत्रंच तर होतं’ म्हणतील. त्यांना समजावत बसू नका, तेवढी ताकद अर्ज लिहायला राखा. पार्व्होने गेलं असेल आणि ते आजारपणात घरी राहिलं असेल, तर नुसत्या फिनाईलने भागत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाण्याने फरशी दहा मिनिटं ओली ठेवा. नवं पिल्लू लसीचा पूर्ण कोर्स होईपर्यंत आणू नका.

शवविच्छेदनानंतर देह परत हवा असेल तर ते आधीच सांगून ठेवा. नाहीतर विल्हेवाट तिथेच लागते. परत मिळतो तो टाके घातलेला असतो, तेव्हा लहान मुलांसमोर उघडू नका, सुती कापडात गुंडाळूनच घरी आणा. काळ्या रानात खड्डा चार फूट तरी घ्या, विहिरीपासून लांब. उन्हाळ्यात या मातीला भेगा पडतात आणि वास वर येतो, पावसाळ्यात ती खचते. म्हणून माती चांगली तुडवून वर ढीग करा आणि त्यावर जड दगड ठेवा, म्हणजे भटकी कुत्री उकरणार नाहीत.