कुरकुर

कोंढव्यातील आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त गेली चार वर्षे मी लिहिते. यंदा ते वाचून झाल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी मनापासून म्हणाले, “भाभी, तुमचं मराठी फार शुद्ध आहे हो. कुठं शिकलात?” मी म्हटले, “साताऱ्यात, काका. घरात दखनी, अंगणात मराठी आणि शाळाही मराठीच.” त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. अडचण कौतुकामागच्या आश्चर्याची आहे. आमच्या मजल्यावरच्या इतर सर्व जणी त्यांच्या ‘वहिनी’ आहेत. मी एकटी ‘भाभी’. या एका शब्दाने मला अदबीने, गोडीने, पण नेमके उंबऱ्याबाहेर उभे केलेले असते.

नावावरून माणसाचा अंदाज बांधण्याची ही सवय किती फसवी आहे, हे पाहायचे असेल तर मराठी व्याकरणाच्या ज्येष्ठ अभ्यासक यास्मिन शेख यांचे उदाहरण घ्यावे. १९२५ साली ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला, विवाहानंतर त्या शेख झाल्या आणि मराठी लेखनाचे नियम त्यांनी भल्याभल्यांना समजावून सांगितले. केवळ नाव ऐकून त्यांना मुस्लिम समजणारा आणि मुस्लिम समजून त्यांच्या मराठीचे नवल करणारा मनुष्य एका दमात दोनदा चुकतो.

मुस्लिम बाईविषयीच्या ठोकळेबाज कल्पना बाहेरून एकमेकींच्या विरुद्ध दिसतात. एकीत ती बिचारी असते: बुरख्यात कोंडलेली, केव्हाही तलाक मिळू शकेल अशी, मुलांच्या लेंढारात हरवलेली. दुसरीत ती अपवाद असते. तिला “तुम्ही मुस्लिम वाटत नाही” असे बक्षीस देण्याच्या सुरात सांगितले जाते. दोन्हींत तिने स्वतः काही बोलण्याची गरज उरत नाही, कारण तिच्या वतीने सगळे आधीच ठरलेले असते.

पुण्यात राहणाऱ्या माझ्यासारखीला या संदर्भात सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी शिक्षिका फातिमा शेख आठवल्यावाचून राहत नाहीत. अलीकडे त्यांचे चित्र सावित्रीबाईंच्या शेजारी फलकांवर दिसते, याचा आनंदच आहे. परंतु मला फलकापेक्षा एक पत्र अधिक जवळचे वाटते. आजारपणामुळे माहेरी नायगावला गेलेल्या सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते वाक्य आहे. मैत्रिणीवरचा केवढा विश्वास त्यात आहे! तरीही प्रत्येक वेळी ते वाचताना माझ्या मनात येते की, एकटीने शाळेचा भार ओढून थकलेल्या त्या शिक्षिकेला एखाद्या संध्याकाळी थोडी कुरकुर करावीशी वाटली नसेल का?

कुरकुर करणाऱ्याही झाल्याच. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला आणि तोंडी तलाक बंद करण्याची मागणी केली. सातच, पण भर रस्त्यात. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली आणि तलाकपीडित स्त्रियांचे प्रश्न या शहरात जाहीरपणे मांडले जाऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे त्या मोर्चानंतर ५१ वर्षांनी. या खटल्यातल्या अर्जदारांतही शायरा बानो यांच्यासारख्या स्वतः मुस्लिम स्त्रियाच होत्या. मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात एका बाईंनी माझा हात हातात घेऊन “सुटलात हो तुम्ही!” असे म्हटले, तेव्हा गेली सव्वीस वर्षे ज्यांच्याशी मी गॅस सिलिंडरच्या नोंदणीवरून भांडते आहे, ते माझे पती भाजीची पिशवी घेऊन मागेच उभे होते.

या प्रसंगावर आम्ही खूप हसलो, पण त्यातली मेख हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तलाकच्या, वारशातल्या निम्म्या हिश्श्याच्या किंवा मुलींचे शिक्षण मध्येच थांबवण्याच्या विरोधात मी बोलले की, बाहेरचे काही जण ते वाक्य उचलून माझ्याच भावाच्या अंगावर फेकतात, आणि तसे होईल म्हणून घरातले सांगतात, “आत्ता नको, वेळ बरी नाही.” ती बरी वेळ मी अजून पाहिलेली नाही. उलट नाव ऐकताच भाड्याची जागा ‘कालच गेली’ असे उत्तर मिळाल्याचे सांगितले, तर “आधी तुमच्या समाजातलं बघा” असे ऐकावे लागते. दोन्हीकडे एकाच तोंडाने तक्रार करणारी बाई कोणत्याच साच्यात बसत नाही.

साचे माझ्याकडेही होते, हे कबूल केले पाहिजे. माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना हिजाब घालू लागली. आमच्या आईने कधी बुरखा घेतला नव्हता, मी घेत नाही. मी थेट भावाला फोन करून फैलावर घेतले, कारण हे त्यानेच लादले असणार, याविषयी मला खात्रीच होती. तो बिचारा तिला पंधरा दिवस उलट समजावत होता. नंतर ती मला म्हणाली, “फुप्पी, तू अब्बूंना विचारलंस, मला नाही विचारलंस.” तिची कारणे मला आजही पूर्णपणे पटलेली नाहीत, आमचा वाद ईदच्या शीरखुर्म्यापर्यंत चालू असतो. पण सोसायटीतल्या ज्या चुकीबद्दल मी चार वर्षे मनातल्या मनात कुढत होते, तीच चूक मी माझ्या घरात एका फोनमध्ये केली होती.

गेल्या रविवारी तेच शेजारी नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेचा कच्चा मसुदा घेऊन आले. छपाईला देण्याआधी मी एकदा नजर घालावी, अशी त्यांची इच्छा होती. मी ‘शुभाशिर्वाद’मधला ‘शि’ दीर्घ केला, ‘उपस्थिति’ची ‘ति’ दीर्घ केली आणि कागद परत देताना म्हटले, “काका, एक सांगू? मला वहिनी म्हणालात तरी चालेल.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, क्षणभर विचार केला आणि प्रसन्नपणे म्हणाले, “बरं बरं, भाभी.”