धूर कमी झाला, पण कुणाचा?

आज चौकात सिग्नलला उभी होते. पुढे इलेक्ट्रिक बस, शेजारी जुना डिझेल ट्रक. सिग्नल सुटताच ट्रकने काळा धूर सोडला आणि स्कूटरवरच्या लहान मुलाने नाकावर हात धरला. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

इलेक्ट्रिक गाडी नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे इंजिनाच्या धुरातले फुफ्फुसांना त्रास देणारे वायू, सोडत नाही; रस्त्यावरच्या माणसाला हा थेट दिलासा. ब्रेकची धूळही कमी, कारण वेग उतरवताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते. टायरची धूळ मात्र राहतेच. आणि वीज कोळशाची असेल, तर धूर औष्णिक केंद्राजवळच्या गावांच्या वाट्याला जातो. हे मला फार खटकतं.

चीनमधल्या शेन्झेनने २०१७ अखेर १६,००० हून अधिक बसचा अख्खा ताफा इलेक्ट्रिक केला. बहुतेक बस त्याच शहरातल्या बीवायडी या वाहन कंपनीच्या, म्हणजे पैसा बराचसा स्थानिक उद्योगातच राहिला. जिथे बॅटरी आणि गाड्या दोन्ही बाहेरून येतात, तिथे हा फायदा कुठून मिळणार?

इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नसतं, म्हणून पिस्टन, गिअरबॉक्स, सायलेन्सर बनवून जगणाऱ्या औद्योगिक पट्ट्यांची तर मला खरी काळजी वाटते. तिथल्या कामगारांना नवं प्रशिक्षण आत्ता, हातात काम असतानाच मिळायला हवं.