दोन जूनचं पत्र

आमच्या दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत वाचकांच्या पत्रांचं पान माझ्याकडे आहे. पत्रं वाचायची, निवडायची, तीनशे शब्दांचं शंभरात आणायचं, पत्ता-फोन तपासायचा आणि सातच्या आत पान सोडायचं. निवडणुकीच्या दिवसांत या पानाला भरती येते. रोज पाच-सहा पत्रं छापायची आणि आलेली असतात पन्नासच्या वर.

४ जून २०२४, मंगळवार. लोकसभेची मतमोजणी. सकाळी आठला अंबडच्या गोदामात नाशिक आणि दिंडोरीचं काम सुरू झालं. आमचे दोन बातमीदार पहाटेपासून तिथेच होते. मला मात्र दिवस निवांत जाईल असं वाटत होतं, कारण माझं पान आदल्या रात्रीच जवळपास लागलं होतं. १ जूनच्या संध्याकाळी टीव्हीवर मतदानोत्तर चाचण्या आल्या. बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा दाखवल्या, एकदोघांनी तर चारशेच्या आसपास नेलं. त्यानंतरच्या दोन दिवसांत अभिनंदनाची पत्रं धो-धो आली. कुणी मंत्रिमंडळ सुचवलं होतं, कुणी विरोधी पक्षांच्या नेत्यांना घरी बसायचा सल्ला दिला होता. त्यातली सहा पत्रं मी निवडून ठेवली होती. निकालाआधीच निकालावरच्या प्रतिक्रिया निवडून ठेवणं ही चूकच होती. पण त्या आठवड्यात आमच्या अख्ख्या डेस्कने तेच केलं होतं. पहिल्या पानाच्या दोन डमी तयार होत्या आणि दोन्हींत भाजपचं एकट्याचं बहुमत गृहीत धरलेलं होतं.

अकराच्या सुमारास डेस्कवरचा आवाज बदलला. आकडे वर जायचे ते थांबले. भाजप अडीचशेच्या खालीच घुटमळत होता आणि महाराष्ट्रात तर चित्र उलटंच दिसत होतं. मग माझा फोन वाजायला लागला.

पहिला फोन सिडकोतल्या एका वाचकाचा. "मॅडम, माझं परवाचं पत्र छापू नका." दुसरा, तिसरा, तोच विषय. एकांनी सांगितलं, "आकडा तेवढा बदला, बाकी तसंच राहू द्या." मी त्यांना म्हटलं, दादा, आकडा बदलला की पुढचं सगळंच बदलतं. त्यांनी थोडा विचार केला आणि पत्र मागे घेतलं. दुपारी एकपर्यंत माझ्या सहापैकी पाच पत्रांचे लेखक फोन करून गेले होते.

त्याच वेळी व्हॉट्सअॅपवर दुसऱ्या बाजूचा पूर आला. आता सरकार कुणाचं, नितीशकुमार आणि चंद्राबाबू कुठे जाणार, राज्यातलं सरकार किती दिवस टिकणार? आणि सगळ्यात जास्त नेत्यांच्या भवितव्यावर. फडणवीस संपले. अजितदादा संपले. खरी शिवसेना कुणाची ते ठरलं, खरी राष्ट्रवादी कुणाची तेही ठरलं. सकाळी नऊला ज्यांना वानप्रस्थ सुचवला जात होता ते दुपारी दोनला राज्याचे तारणहार झाले होते. तेवढ्यात संपादक केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "उद्याच्या पत्रांना एकच विषय घे. कोण उरलं, कोण संपलं. लोकांना तेच वाचायचंय."

मी मान डोलावली. मलाही तेव्हा ते पटलं होतं.

दुपारच्या टपालात एक अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर ओळखीचं होतं. चांदवड तालुक्यातले एक निवृत्त एसटी कंडक्टर आमचे जुने पत्रलेखक आहेत, कार्यालयात सगळे त्यांना नाना म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. पेन्सिलने आखलेल्या ओळींवर निळ्या शाईत लिहितात आणि ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याखाली लाल रेघ मारतात. वर तारीख होती, २ जून, रविवार. "चारशे"खाली दोन लाल रेघा. पंतप्रधानांचं अभिनंदन, मग शेतकऱ्यांनी विकासाला मत दिल्याचं समाधान, आणि शेवटच्या परिच्छेदात शरद पवारांनी आता सन्मानाने निवृत्त व्हावं अशी विनंती. नेहमीसारखंच नीटस, नम्र पत्र. मी ते बाजूच्या ट्रेमध्ये टाकलं. हेही मागे घेतील, असं धरूनच चालले.

सव्वातीनला नानांचा फोन आला.

"ताई, माझं पत्र पोचलं का?"

"पोचलं, नाना. काळजी करू नका, छापत नाही."

"नाही नाही. छापा. म्हणून तर फोन केला."

मी खुर्चीत सरळ होऊन बसले. ते म्हणाले, आधी मला वाचून दाखवा. मी वाचलं. फोनवर शांतता. मग ते सावकाश बोलायला लागले. सकाळी घरात टीव्ही लावला होता. दिंडोरीत शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे भास्कर भगरे पुढे आहेत असं सांगितलं तेव्हा अंगणात कांद्याच्या चाळीपाशी बसलेल्या त्यांच्या मुलाने दोन्ही हात वर केले. नानांना कळेना. त्यांनी विचारलं, तू? मुलगा काही बोलला नाही. आत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आला आणि त्यातून एक कागद काढून वडिलांच्या पुढ्यात ठेवला. जानेवारीची कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती. नानांनी ती मला फोनवर वाचून दाखवली, आकडा न आकडा. वजन बावीस क्विंटल, भाव अकराशे पन्नास, मग हमाली, तोलाई आणि खाली हाती आलेली रक्कम. गाडीभाडं त्यात धरलेलंच नव्हतं.

निर्यातबंदी लागली होती ८ डिसेंबर २०२३ला. लाल कांदा ऐन बाजारात येत असताना. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टन निर्यातीची परवानगी मिळाली आणि आमच्या जिल्ह्यात ठिणगी पडली. ४ मेला बंदी उठली खरी, पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि वर ४० टक्के शुल्क लावूनच. १५ मेला पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधानांचं भाषण चालू असताना एक तरुण मध्येच ओरडला, कांद्यावर बोला. २० मेला इथे मतदान झालं. हे सगळं आम्ही छापलं होतं, तारखेवार. मी स्वतः त्यातल्या निम्म्या बातम्यांची शुद्धलेखनं तपासली होती. तरी पान लावताना त्यातलं काहीच माझ्या मनात आलं नाही. चाचण्यांचे आकडे डोळ्यांपुढे होते, तेच खरे धरले.

"तर ताई," नाना म्हणाले, "पत्र आहे तसंच छापा. पवार साहेबांचा परिच्छेदही काढू नका. फक्त खाली मी सांगतो तेवढं घाला." आणि त्यांनी मजकूर सांगितला. मी हातानेच उतरून घेतला, तो कागद अजून माझ्या खणात आहे:

"वरील पत्र मी २ जून रोजी लिहिले. त्यातील आकडा चुकला. माझ्या मुलाने वेगळे मत दिले हे मला ४ जूनला कळले. एका घरात राहून मी त्याला विचारले नव्हते आणि शेतकऱ्यांनी कोणाला मत दिले हे मात्र लिहिले होते. याबद्दल वाचकांची माफी मागतो."

मला लगेच एक शंका आली. मत गुप्त असतं. वडिलांनी मुलाचं मत पेपरात सांगायचं, गावात सगळे नानांना ओळखतात. मी म्हटलं, नाना, मुलाशी बोलल्याशिवाय मला हे छापता येणार नाही. त्यांनी फोन दिला.

मुलगा चाळिशीतला असावा, आवाजावरून. म्हणाला, "छापा मॅडम, माझी हरकत नाही. नाव टाकू नका, तालुका टाकला तरी चालेल. पण एक करा. मी पवार साहेबांचा माणूस झालो असं कुठे येऊ देऊ नका. मोदींवर माझा राग नाही, फडणवीसांवरही नाही. विधानसभेला काय करायचं ते तेव्हा बघू. या वेळचं मत कांद्याचं होतं, एवढंच."

मी फोन ठेवला आणि समोरच्या स्क्रीनवर उघडलेल्या चाळीस-पंचेचाळीस पत्रांकडे पाहिलं. प्रत्येकात कुणीतरी संपलेलं होतं. आपलं मत कशाचं होतं, हे मात्र दोघांनीच लिहिलं होतं. एक येवल्याची अंगणवाडी सेविका, मानधनाबद्दल. दुसरे निफाडचे एक गृहस्थ. त्यांच्या आईने बटण दाबून आल्यावर "तुतारी दाबली" असं सांगितलं होतं, पण यंत्रावर दोन उमेदवारांचं आडनाव भगरे होतं आणि चिन्हं होती तुतारी वाजवणारा माणूस आणि नुसती तुतारी. आईने नेमकी कुठली दाबली हे आता तिलाही सांगता येत नव्हतं. (रात्री अधिकृत आकडे आले तेव्हा कळलं, त्या दुसऱ्या, अपक्ष भगरेंना १,०३,६३२ मतं पडली होती. भास्कर भगरे तरीही १,१३,१९९ मतांनी निवडून आले आणि केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार हरल्या.)

मी संपादकांकडे गेले. नानांचं पत्र, खालची ओळ, सेविकेचं पत्र आणि आईच्या तुतारीचं पत्र, असं पान मागितलं. "कोण उरलं, कोण संपलं" नको म्हटलं. वाद झाला. ते म्हणाले, राज्यात इतका मोठा उलटफेर झालाय, ४८पैकी ३० जागा आघाडीला, महायुतीला १७, सांगलीत अपक्ष. अशा दिवशी नेत्यांबद्दल काहीच नाही? त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. निकालाने नेत्यांचं पुढचं ठरतंच, आणि वाचकाला त्यावर बोलायचा हक्क आहे. मी एवढंच म्हटलं की ते बोलायला पहिलं पान आहे, अग्रलेख आहे, टीव्ही तर रात्रभर आहे. मत देणाऱ्याने ते का दिलं, हे सांगायला आपल्याकडे एवढी एकच जागा आहे.

५ तारखेला पत्रांचं पानच निघालं नाही. सगळी जागा निकालाला गेली. रात्री उशिरापर्यंत आकडे येत होते. भाजप २४०, काँग्रेस ९९, मुंबई वायव्यमध्ये तर अवघ्या ४८ मतांनी निकाल लागला. माझं पान ६ तारखेला निघालं, मी मागितलं होतं तसं. एक तडजोड करावी लागली. ५ जूनला देवेंद्र फडणवीसांनी राज्यातल्या अपयशाची जबाबदारी घेऊन सरकारमधून मोकळं करा अशी पक्षाकडे विनंती केली होती, त्यावरचं एक पत्र घ्यावं लागलं. "फडणवीस पर्वाचा अस्त" असा त्याचा मथळा होता. मथळा मीच दिला होता.

त्या आठवड्यातली सगळी पत्रं मी एका फाइलमध्ये ठेवली आहेत. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. शरद पवारांच्या पक्षाला १०. आणि ५ डिसेंबरला, मोकळं करा म्हटल्याला बरोबर सहा महिने झाले त्या दिवशी, फडणवीसांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पुन्हा पत्रांचा पूर आला आणि पुन्हा कुणीतरी संपलं होतं, फक्त नावं बदलली होती. या वेळी मी एकही मथळा तसा दिला नाही.

नानांचं पत्र नोव्हेंबरच्या शेवटी आलं. तेच अंतर्देशीय, त्याच पेन्सिलच्या ओळी. निकालाबद्दल पाच वाक्यं होती. मुलाने या वेळी कुणाला मत दिलं ते त्याच्या परवानगीने लिहिलं होतं, कारणासकट. लाडक्या बहिणीचे महिना १,५०० रुपये घरात येतात, तेही लिहिलं होतं. आणि शेवटी: "सूनबाईंना विचारले. त्यांनी सांगितले नाही. म्हणून गावातल्या बायकांच्या मताबद्दल या पत्रात काही लिहिलेले नाही."

त्याखाली लाल रेघ नव्हती. मी पत्र एका शब्दाचीही काटछाट न करता छापलं.