टाच

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. बीड जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात नवऱ्यानं तिला पाठुंगळी आणलं. वय तिशीच्या आत. पितृपंधरवड्यापासून डावा पाय हलत नव्हता. एमआरआय, रक्त, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका मोठ्या दवाखान्यानं ‘काही झालेलं नाही’ म्हणून घरी धाडलेलं. सासू तर सरळच म्हणाली, "तोडीला जायचं न्हाई म्हून सोंग करतीया." ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल खर्चून झाली होती आणि तोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं.

तिला झोपवून डाव्या टाचेखाली हात ठेवला. "टाच खाली दाबा, ताई." जोर नाही. मग उजवा पाय वर उचलायला सांगितला आणि मी तो वरून दाबून धरला. तिनं उजव्या पायाला जोर लावताच डावी टाच माझ्या तळहातात रुतली. पायात ताकद आहे, पण ठरवून लावायला गेलं की येत नाही, हे दाखवणारी ही खूण डॉ. हूवर यांनी १९०८ साली सांगितलेली.

पूर्वी ही खूण मिळाली की मी रुग्णाला सांगत नसे. चोरी पकडल्यासारखं वाटायचं. केवढी चूक होती ती! त्या दिवशी मी नवऱ्याचाच हात टाचेखाली ठेवला आणि पुन्हा करून दाखवलं.

"मोटार जळालेली नाही, वायर तुटलेली नाही. स्टार्टर पकडत नाही. हा मेंदूच्या कामाचा बिघाड आहे. याला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. ती मुद्दाम करत नाही."

"मंग टेन्शन कशाचं हाय हिला?" सासू.

टेन्शन असेल, नसेलही. निदानासाठी ते सापडलंच पाहिजे ही अट डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेनं २०१३ मध्येच काढून टाकली. मी एवढंच म्हणाले, "ते नंतर, आणि तिला बोलावंसं वाटलं तर."

ती पहिल्यांदा रडली. "मॅडम, मला वाटलं मीच येडी झाले."

फिजिओथेरपी लिहून दिली, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. निघण्याआधी तिला आधार देऊन उलटं चालायला सांगितलं. अशा रुग्णांपैकी काहींना पुढं चालण्यापेक्षा ते सोपं जातं. भिंत धरून ती चार पावलं मागं गेली. पाचव्या पावलाला सासूनं उठून तिचा दंड धरला.

बाहेर नवरा फोनवर होता. "मुकादम, गाडी आमच्याबिगर जाऊंद्या. बायकूचा पाय खरंच गेलाय."