आमची वाटचाल : शिंपल्याच्या झडपा आणि मांडवीचा काठ

मांडवीच्या वरच्या अंगाला जुनं गोवं, खालच्या अंगाला पणजी आणि मध्ये रायबंदर. आमचा सुतारकामाचा कारखाना आजोबांच्या वेळेपासून रायबंदरलाच आहे. आजोबा देव्हारे, पालख्या, मखरं करायचे. बाबांनी जुन्या खुर्च्यांची आणि वेताच्या बैठकांची दुरुस्ती सुरू केली. धंदा माझ्या हाती आला आणि हळूहळू खिडक्यांचं काम वाढत गेलं, त्यातही शिंपल्याच्या झडपांचं.

जुनं उतरवायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा वापरात आणायचं, ही या नदीकाठची जुनीच रीत आहे. साथीच्या रोगांनी जुनं गोवं ओस पडत गेलं. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनी मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. तिकडचे वाडे उतरवून त्यांचं साहित्य पणजीच्या बांधकामांसाठी आणलं गेलं. सेंट ऑगस्टिनच्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. तिथली मोठी घंटा आधी आग्वादच्या दीपस्तंभावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. आजही तीच घंटा वाजते. ती टाकून नवी ओतायचं कुणी ठरवलं असतं, तर शहर एका आवाजाला मुकलं असतं.

इथल्या कारागिरांबद्दल मला नेहमी वाटतं की त्यांना त्यांचं माप मिळालं नाही. बॉम जेझू बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्या चांदीकामगारांनी घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आला, १६९८ मध्ये, आणि शिल्पकार फोजिनीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पेटी घडवणाऱ्यांची नावं किती जण सांगतील?

आता झडपांविषयी. काच महाग आणि दुर्मीळ होती, तेव्हा गोव्यात खिडक्यांना शिंपले बसवत. हा शिंपला सपाट, कागदासारखा पातळ, आरपार न दिसणारा पण उजेड आत सोडणारा. झुआरीच्या मुखाशी चिखलीच्या खाडीत तो आजही जिवंत आहे. कडा कातरून त्याची चौकोनी पानं करतात आणि सागवानी पट्ट्यांच्या खाचांत एकमेकांवर किंचित चढवून सरकवतात. खिळा नाही, डिंक नाही. खाच जरा जास्त रुंद झाली तर वाऱ्याने पानं खडखडतात. अरुंद झाली तर पावसात लाकूड फुगून पान तडकतं. म्हणून आम्ही खाच हातच्या रंध्यानेच पाडतो आणि प्रत्येक पान घालून बघतो. दुपारचं ऊन अशा खिडकीतून आलं की खोलीत दुधासारखा मऊ उजेड पसरतो, डोळ्यांना टोचत नाही.

या शिंपल्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. त्यामुळे आमचा सगळा माल जुन्या झडपांतूनच येतो. मळा, फोंतेन्हास, सां तोमे, दिवाडी, चोडण, जिथे घर पाडलं जातं तिथून. एका चौकटीतली निम्मी पानं शाबूत निघाली तरी समाधान असतं. थर सुटलेली वेगळी करायची, उरलेली मऊ ब्रशने साध्या पाण्यात धुवायची, जाडीप्रमाणे लावून ठेवायची. जाड पानं खालच्या ओळीत, पातळ वर. हे मला बाबांनी शिकवलं.

मधली काही वर्षं फार कठीण गेली. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या स्वस्त होत्या, लगेच बसत होत्या आणि वाळवीची भीती नव्हती. ओळखीची घरंसुद्धा गेली. त्या काळात देवघरांच्या कामावर आम्ही तग धरला. मग जुन्या घरांतून पाहुण्यांची राहण्याची सोय सुरू झाली, मालकांना आपल्या खिडक्यांची किंमत कळली आणि कामं परत आली. आज दोन तरुण मुलं माझ्याकडे शिकताहेत. एकाचा हात खाचेवर छान बसलाय.

घर पाडायचं ठरलंच असेल, तर झडपांना हात लावण्याआधी आम्हाला कळवा. ठेकेदाराची माणसं पहारीने चौकट उखडतात आणि पानांचा चुरा होतो. आम्ही बिजागऱ्या सोडवून झडप अखंड उतरवतो, त्याचे पैसे घेत नाही. तोवर तुम्ही स्वतः उतरवल्याच असतील, तर उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका.