तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पीसीत नवीन कार्ड काऊन टाकलं?

मी लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग करतो. लग्नाचे कस्टमर, मिक्सिंग शिकायला येणारे पोट्टे, आमचे भाऊजी, आणि आता तर शेजारचे काकापण, सगळे एकच विचारून राहिले. दहा वर्षांच्या वर जुनी मशीन, त्यात ग्राफिक्स कार्ड काऊन टाकलं, नवीनच घ्यायची होती ना. दरवेळी मी "बजेट नव्हतं" म्हणतो आणि विषय बदलतो. ते अर्धंच खरं आहे.

मशीन अडत होती ती एकाच जागी. चौथ्या जनरेशनचा आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, एसएसडी, साधं फुल एचडी अजूनही मस्त कापते. पण पाहुण्यांच्या आयफोनच्या क्लिपा आणि ड्रोनवाल्याचं फुटेज एचईव्हीसीत (व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या फॉरमॅटमध्ये) यायला लागलं, ते उलगडायची सोय या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडते आणि नवरदेव टाइमलाइनवर घोड्यावरच थांबून जाते. मी टाकलेलं कार्ड, जीटीएक्स १६५०, ते काम स्वतः करते, एक्स्पोर्टलाही हात लावते. मग एवढ्यासाठी अख्खी मशीन फेकायची?

आणि आंधळेपणाने नाही घेतलं. नागपूरच्या बर्डीतल्या दुकानदाराने आधी मोठं कार्ड दाखवलं, वरून "पॉवरचं जॅक लावून देतो ना भाऊ". माझ्या एसएमपीएसवर (मशीनला पॉवर देणारा डबा) बाहेर ४५० वॅट छापलंय, पण लेबल नीट वाचलं तर १२ व्होल्टच्या लाइनला १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅटच. प्रोसेसरचे ८४, स्लॉटमधून चालणाऱ्या कार्डाचे जास्तीत जास्त ७५, झाले १५९, त्यावर हार्ड डिस्क न् पंखे. मोठ्या कार्डासाठी पॉवर उरतच नव्हती. मग त्याने आरएक्स ६५०० एक्सटी काढलं, म्हणे २०२२ चं आहे, एकदम नवीन. त्यालाही वेगळी पॉवर लागतेच, पण तो मुद्दा सोडा, ते कार्ड चारच लेनवर (डेटा जायच्या वाटा) चालते आणि माझ्या एच८१ बोर्डाचा स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआय एक्स्प्रेस २.०, म्हणजे त्याच्या हक्काचा पाव वेग मिळाला असता. वर त्यात व्हिडिओ एन्कोडरच, म्हणजे एक्स्पोर्टला मदत करणारा भागच नाही. मिक्सिंगवाल्याने ते घेऊन काय करावं? १६५० हे २०१९ चं, पण सोळा लेनचं, आणि मी घेतलं ते मॉडेल बिना जॅकचं. हे सगळं मी भाऊजींना सांगितलंय, त्यांनी ऐकलं नाही तो भाग वेगळा.

आता तो दिवस. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, संध्याकाळी एका पोरीचं रिसेप्शन आणि एलईडी वॉलवर टीझर चालवायचा होता. त्याच दिवशी कार्ड काऊन बसवलं, असंही विचारतात. रात्रभर टीझर अडकत होता आणि बसवून देणाऱ्या पोट्ट्याला त्याच दिवशी वेळ होता, म्हणून. पोरीचे वडील अकरालाच येऊन सोफ्यावर बसले. पोट्ट्याने कार्ड बसवलं, बटन दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. त्याने रॅम काढून खोडरबरने घासली. काळी. बोर्डावरचा सीमॉसचा सेल काढून लावला. काळी. कार्ड काढलं तर डिस्प्ले आला, परत लावलं तर गेला, म्हणजे कार्डच मेलेलं, असं त्याने जाहीर केलं आणि सगळ्यांना पटलं, मलाही. कूलर आवाज करत होता, म्हणून ते वडील काय बोलले ते पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. मग मोठ्याने म्हणाले, "दादा, तुमची मशीनच म्हातारी झाली हो." रागाने नाही बोलले, उलट कीव केल्यासारखं. डेटाची हार्ड डिस्क मागितली, मी दिली, ॲडव्हान्स परत केला. टीझर दुसऱ्या मिक्सिंगवाल्याने बनवला. चांगला बनवला होता, मी पाहिला.

त्या रात्री बायको म्हणाली, "अहो, टीव्हीला लावून तर पाहा." कॅबिनेट उचलून हॉलमध्ये आणलं, कार्डाच्या एचडीएमआयमधून टीव्हीला वायर लावली, आणि बत्तीस इंचावर विंडोज उघडलं. कार्ड धडधाकट होतं. माझा मॉनिटर फक्त व्हीजीएचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या वायरचा, वायर नेहमीसारखी बोर्डाच्या मागे खोचलेली, आणि कार्ड दिसलं की हा बोर्ड आपलं ग्राफिक्स बंद करते. १६५० मधून व्हीजीए सिग्नल निघतच नाही, दोन-तीनशे रुपयांचा कन्व्हर्टर लागते. बस, एवढंच होतं.

म्हणजे म्हातारा मॉनिटर होता, मशीन नव्हती, हे मी कित्येकदा सांगून पाहिलं. पण भाऊजी म्हणतात, मॉनिटर जुना, बोर्ड जुना, एसएमपीएस लोकल, मग नवीन राहिलं काय? यावर माझ्याकडे उत्तर नाही. चार कोअर, चार थ्रेड, मल्टिकॅमला (एकावेळी अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज) आजही धाप लागते, तिथे कार्ड काही करत नाही. कार्ड घेताना मी स्वतःला सांगत होतो की अजून पाच वर्षं पाहायला नको. तेव्हाच्या मला विचारावंसं वाटते, पाच कुठून आणले बे? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलमध्ये, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या जनरेशनच्या खालचं अधिकृतपणे चालत नाही, कार्ड कितीही चांगलं असो.

पण नवीन मशीनचं कोटेशन साठ हजाराच्या वर होतं आणि माझा सीझन नोव्हेंबर ते मे. जूनमध्ये ईएमआय कोण भरते? हे विचारणाऱ्यांनी कधी विचारलं नाही.

सध्या कन्व्हर्टर लावून काम चालू आहे, एचईव्हीसी लोण्यासारखं कापते, विंडोजला सपोर्ट नाही म्हणून मिक्सिंगच्या वेळी नेटची वायर काढून ठेवतो. बोर्ड गेला तर या प्रोसेसरला बसणारा ११५० सॉकेटचा जुन्यातच शोधावा लागेल, नाहीतर कार्ड काढून दुसऱ्या मशीनमध्ये टाकता येईल. भाऊजी म्हणतात, तेव्हाही नवीन नाही घेणार तू. पाहू.